चाकांवरचे घर : पहिल्या सहा महिन्यांची कसोटी

दिवाळीची सुटी तोंडावर आली, की हॉटेलांचे दर आणि रेल्वेची प्रतीक्षायादी पाहून अनेक कुटुंबांचे बेत बारगळू लागतात. अशा वेळी मोटारीमागे जोडून नेता येणाऱ्या घराचे, म्हणजेच ट्रॅव्हल ट्रेलरचे, आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. केंद्र सरकारने २०१० मध्ये आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. त्यामुळे ही कल्पना आता परदेशी चित्रपटांपुरती उरलेली नाही. हौसेला मोल नसते हे खरे. पण या हौसेला वजन मात्र असते. नव्या मालकाची पहिल्या सहा महिन्यांतील परीक्षा मुख्यतः या वजनाचीच असते.

सुरुवात कागदपत्रांपासून होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. नाशिकमध्ये त्याला एमएच-१५ मालिकेतील स्वतःचा क्रमांक मिळतो. शिवाय तो ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो. विम्यातही ट्रेलरची वेगळी नोंद करून घेणे आवश्यक ठरते. मोटार किती भार ओढू शकते, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

वजनाचा हिशेब

समजा, रिकाम्या ट्रेलरचे वजन ९०० किलो आणि अनुज्ञेय कमाल वजन १२०० किलो आहे. म्हणजे सामानासाठी ३०० किलो उरले. ८० लिटरची पाण्याची टाकी भरली, की ८० किलो गेले. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी सुमारे ५० किलोची, भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा. उरलेल्या १४० किलोंत चार माणसांचे अंथरूण-पांघरूण, भांडी, कपडे, खुर्च्या आणि शिधा बसवायचा असतो. मर्यादा नकळत ओलांडली जाते ती येथेच. कांद्याचे ट्रॅक्टर आधी भरलेले आणि मग रिकामे तोलणारा वजनकाटा नाशिक जिल्ह्याला नवा नाही. पहिल्या सहलीपूर्वी सामानासह ट्रेलर अशाच काट्यावर नेल्यास अंदाजाची जागा आकडा घेतो.

भार किती, याइतकेच तो कोठे ठेवला, यालाही महत्त्व आहे. बैलगाडीत मागे ओझे वाढले तर गाडी उलळते आणि पुढे वाढले तर बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरचेही तसेच आहे. जड सामान खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवावे. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल, तर एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार जोडणीवर यावा, असा ढोबळ नियम आहे. मागचा भाग जड झाल्यास ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलू लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक दाबणे धोक्याचे ठरते. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

पहिली सहल जवळचीच

पहिला मुक्काम गंगापूर धरणाच्या परिसरासारखा घरापासून जवळचा असावा. काही विसरले वा बिघडले, तर तासाभरात परतता येते. नव्या चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरच्या आतच तपासून पुन्हा आवळावे लागतात. थांबल्यावर चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापले असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेकमध्ये दोष असू शकतो. मागे घेताना ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळतो. हा सराव मोकळ्या मैदानावरच करावा, देवस्थानाच्या गर्दीत नव्हे.

हे अंगवळणी पडल्याशिवाय कसारा घाटाचे नाव घेऊ नये. या घाटात लोहमार्गाची चढण ३७ फुटांत एक फूट इतकी तीव्र आहे. ती चढताना गाड्यांना मागून जादा इंजिनांचा रेटा द्यावा लागत आला आहे. ट्रेलरच्या बाबतीत मात्र चढणीपेक्षा उतार अधिक कठीण असतो. मागचे वजन मोटारीला सतत पुढे ढकलत राहते. सारखा ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापतो आणि पकड कमी होते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून वेग आवरता ठेवावा. गॅसचा सिलिंडर प्रवासात नेहमी बंद असावा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो.

शेवटची परीक्षा पावसाची. छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा आणि दिव्यांच्या वायरी जेथून आत जातात त्या जागा पाणी झिरपण्याच्या असतात. प्लायवूड आतून फुगेपर्यंत ते कळतही नाही. पहिल्या मोठ्या सरीनंतर सर्व कोपरे हाताने चाचपावेत. दोष आढळल्यास तारीख आणि छायाचित्रांसह लेखी तक्रार हमीच्या मुदतीतच द्यावी.

या सवयी पहिल्या सहा महिन्यांत लागल्या, तर पुढची अनेक वर्षे मुले सुटीची वाट पाहतील. नाही तर कुटुंबाची पुंजी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहील आणि तिचा हप्ता मात्र दरमहा जात राहील.