चौदा ‘वुई मस्ट’

ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर, शब्दकोशांच्या कपाटाआड माझं टेबल आहे. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते सहा. दोन खुर्च्या, शिसपेन्सिली, एक खोडरबर. लाल पेन ठेवत नाही आणि मुलांच्या लॅपटॉपला हात लावत नाही.

हात न लावण्याचा नियम चुकून शिकले. पहिल्या वर्षी एका मुलाचा परिच्छेद मला बघवेना, म्हणून मीच तो सबंध नव्यानं लिहून दिला. प्राध्यापकांनी नेमका तोच हेरला, समासात ‘हे कुणाचं?’ असं लिहिलं आणि निबंध परत पाठवला. मुलगा मला काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

पुण्यातलं हे ख्रिस्ती धर्मशास्त्राचं महाविद्यालय. पदवी मिळते ती सेरामपूरची; नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कोलकात्याजवळचं. विल्यम केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली तिथं कॉलेज काढलं. गाव तेव्हा डॅनिश वसाहत होतं, म्हणून पदव्या देण्याची सनद आली ती १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून. याच केरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मोडी टाइपात कोश. माझ्या पाठीमागच्या कपाटाशी त्याचं असं जुनं नातं आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, बोलावणं आलं, गेले.

परवा जालन्याकडचा एक विद्यार्थी आला. वडील पाळक, हाही पाळकच होणार. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायावर, त्यानं इंग्रजीत आठ पानं लिहिली होती. मी आधी वाचत नाही, लिहिणाऱ्यालाच मोठ्यानं वाचायला लावते. अडखळला की वाक्य कुठं मोडलंय ते त्याचं त्यालाच कळतं.

दीड पान बरं चाललं. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता, लुटलेला माणूस, बाजूनं निघून जाणारे याजक आणि लेवी. मग आवाज बदलला. मान वर, कागद खाली, डावा हात हवेत. निबंधात पहिलं ‘वुई मस्ट’ आलं होतं.

“अरे, समोर मंडळी बसलीय का?”

तो हसला. मी पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि सगळे ‘वुई मस्ट’ गोल करायला सांगितले. चौदा निघाले.

“हे मूळ उताऱ्यात कुठून काढलेस?”

“मॅडम, ते तर उघडच आहे.”

“मला नाही. मला पटवून दे.”

या टेबलावर माझी खरी पात्रता एवढीच. वर्गात सगळ्यांना सगळं आधीच मान्य असतं. इथं ‘आमेन’ म्हणणारं कुणी नसतं.

“शास्त्री येशूला काय विचारतो?”

“माझा शेजारी कोण.”

“आणि गोष्ट संपल्यावर येशू काय विचारतो?”

त्यानं ग्रीक नवा करार उघडला. बोट ओळीवरून सरकत छत्तिसाव्या वचनावर थांबलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “प्रश्न फिरवलाय, मॅडम. शेजारी कोण ‘आहे’ नाही, कोण ‘झाला’ असं विचारतोय.”

“तुझ्या आठ पानांत हे कुठाय?”

नव्हतं.

त्याच पानावर आणखी एक शब्द हाती लागला. जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला जे वाटलं, त्याचं ग्रीक क्रियापद आतड्यांच्या शब्दावरून आलंय. मराठी बायबलात तिथं ‘कळवळा’ येतो. तो म्हणाला, “आमची आजी म्हणते, आतडं तुटतं.” मी म्हटलं, हे लिही. दया हृदयात असते ही कल्पना कुणाची, आतड्यात असते ती कुणाची, यावर त्याला दोन पानं सहज मिळतील आणि ती कुठल्याच भाष्यग्रंथातून उचललेली नसतील.

उचलणं हा इथला नाजूक विषय. मुलं फसवी नसतात. पण व्यासपीठावर दुसऱ्याचा चांगला दृष्टान्त वापरणं हा गुन्हा नाही. पाळक पाळकाकडून घेतो, मंडळी खूश होते. तोच दृष्टान्त तळटीप न देता प्रबंधात आला की चोरी ठरते. वयाच्या पंचविशीपर्यंत ज्यानं विद्वत्ता कानांनी घेतली, त्याला हा फरक नियमावली देऊन समजत नाही. शेजारी बसवून, हे वाक्य तू कुठं ऐकलंस, असं दहा वेळा विचारावं लागतं.

मिझोरामच्या मुलांची अडचण निराळी. त्यांच्या भाषेत तो आणि ती यांना एकच सर्वनाम, त्यामुळे इंग्रजी निबंधात मरिया मध्येच पुरुष होते. आपली मराठी मुलं ग्रीकला मात्र लवकर सरावतात, कारण तीन लिंगं आणि विभक्त्या त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. संध्याकाळी वरच्या वर्गातली मुलं पहिल्या वर्षाला हिब्रू घोकवतात, तिथं सगळ्यांचीच समान फजिती होते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं आणि ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर पडलं, हे सांगितलं की कुरकुर थोडा वेळ थांबते. फार वेळ नाही.

शुक्रवारी जालन्याचा मुलगा तिसरा खर्डा घेऊन आला. साडेसहा पानं. आजी तळटिपेत होती. ‘वुई मस्ट’ एकदाच, शेवटच्या ओळीत. ते मी राहू दिलं.