दिवा धरणारे हात

सांबऱ्यात घरातील माणूस अत्यवस्थ झाले, की पहिला शब्द निघतो तो ‘बेळगावला हलवा!’ जेमतेम दहा किलोमीटरची ती वाट, पण त्या वेळी सरता सरत नाही. पुढे दुखणेकरी बरा होऊन उंबरठ्यात आला, की डॉक्टरांकडे पेढे पोहोचतात. रात्रभर उशाशी उभ्या राहिलेल्या परिचारिकेचे नाव विचारायचे मात्र राहून जाते. ही चूक आपल्या घरचीच नव्हे. इतिहासाकडूनही ती झालेली आहे.

1924 च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींना पोटशूळाने ग्रासले. ते तेव्हा 54 वर्षांचे होते. आंत्रपुच्छाचा दाह झाल्याचे निदान झाले आणि 12 जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया हाती घेतली. बाहेर वादळ घोंघावत होते. ऐन वेळी वीज गेली. एका परिचारिकेने विजेरी धरली, तीही मध्येच विझली. अखेर कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी झाली.

खरी कसोटी त्यानंतरची होती. जखमेत पू झाला आणि प्रकृती सुधारण्यास विलंब लागला. पेनिसिलिनचा शोध लागला 1928 साली. रुग्णांच्या हाती ते औषध पडले त्याहूनही उशिरा. तोवर जखम चिघळू न देणे हे बहुतांशी शुश्रूषेवरच अवलंबून असे. हात स्वच्छ धुणे, उकळलेली उपकरणे वापरणे, पट्टी वेळेवर बदलणे, नाडी व ताप टिपणे, आणि ताप किंचित चढताच डॉक्टरांना सावध करणे, अशा लहानसहान दिसणाऱ्या कामांवर रोग्याचे प्राण तोललेले असत.

5 फेब्रुवारीस सरकारने गांधीजींची बिनशर्त सुटका केली. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला गेले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते आपल्या बेळगावात आले! काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन येथे भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन होय. गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी केलेल्या खटपटीची आठवण बेळगावकर आजही काढतात. टिळकवाडीतील काँग्रेसची विहीर त्याची साक्ष देते. मॅडॉक यांचे नावही चरित्रांतून राहिले. विजेरी धरणारा तो हात मात्र कोणाच्या स्मरणात नाही.

या कामाचे मोल स्वतः गांधीजी जाणून होते. 1904 मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला, तेव्हा त्यांनी एका ओसाड वखारीत रोग्यांची सेवा केली. त्यांच्या मदतीस नगरपालिकेने एक परिचारिका धाडली होती. थोड्याच दिवसांत तीही प्लेगला बळी पडली. आत्मकथेत त्यांनी तिची आठवण नोंदविली आहे.

वाचकहो, शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते. शुश्रूषेला कित्येक रात्री लागतात. म्हणून पुढच्या खेपेस दवाखान्यातून निघताना पेढ्याचा पहिला तुकडा त्या बाईंच्या हातावर ठेवावा, त्यांचे नाव विचारावे, आणि घरी येऊन ते मुलाबाळांना सांगावे.