पाकटाची गादी बदलताना

दोस्तांनो, दिवाळे गावच्या मासळीबाजारात कधी चपटं, लांब शेपटीचं पाकट पाहिलंय? त्याचे गोड्या पाण्यातले भाईबंद दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहतात, आणि हौशी लोकांच्या काचेच्या टाकीतही.

पाकट वाळूत अंग पुरून बसतं. तोंड पोटाच्या बाजूला, म्हणून श्वासासाठी पाणी घेतं ते डोळ्यांमागच्या भोकांतून! टाकीत खडबडीत खडी असेल तर बिचाऱ्याचं पोट खरचटतं. मग खडी काढून बारीक वाळू घालायची. वाशीच्या खाडीतली? छे! ती खारट, त्यात शिंपल्यांचा चुरा. नदीची, स्वच्छ धुतलेली हवी.

पण सगळी खडी एकदम उपसायची नाही हं! तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. माशाच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या विषारी अमोनियाचं ते आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्यामानाने सौम्य. जिवाणू गेले, तर काचेसारख्या नितळ पाण्यातही पाकट मरू शकतं. म्हणून आठवड्याला एकच कोपरा बदलायचा, आणि त्या दिवसांत फिल्टरचा स्पंज धुवायचा नाही.

पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो, तेव्हा टाकीत हात घालतील ते आईबाबा. शेपूट कुठे आहे, ते तुम्ही बाहेरून सांगत राहा.