कच्चं बिल

"मॅडम, हे आयुर्वेदिक आहे. याला कुठलं आलंय लायसन?"

गल्ल्यामागचे काका हसत विचारतात. समोर अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षक बाई उभ्या आहेत. ओळखपत्र दाखवून झालंय. त्या हसत नाहीत, चिडतही नाहीत.

"विकायला लागत नाही काका. बनवायला लागतं. म्हणून तर बनवणाऱ्याचा पत्ता विचारतेय."

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आज आठवडी बाजार भरलाय. एसटी स्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दुकान. बाहेर पोत्यांत सुंठ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, गुळवेलीच्या कांड्या. आत काचेच्या कपाटात आसवं, अरिष्टं, काढे, तेलं. आणि अगदी हाताशी, गल्ल्याच्या कडेला, चॉकलेटं ठेवावीत तशा प्लास्टिकच्या बरणीत भरलेल्या पारदर्शक पुड्या. पुडीत तपकिरी चूर्ण, तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलेलं. वर ना नाव, ना गाव. "गुडघ्याची पुडी" म्हणून ती आसपासच्या वाड्यावस्त्यांवर प्रसिद्ध आहे. तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी तिच्याबद्दल लेखी कळवलं, म्हणून आजची ही तपासणी.

मी भिंतीकडेच्या बाकावर बसलोय. बघायला बसू का, असं विचारल्यावर बाईंनी "बसा, पण मध्ये बोलू नका" एवढंच बजावलंय. पंच म्हणून दोघे आलेत: समोरचे स्टेशनरीवाले आणि शेजारच्या दवाखान्यातले वैद्य. बाईंसोबत आलेला शिपाई काउंटरवर कागद, कार्बन, लाखेची कांडी आणि सुतळी मांडतोय.

"ही पोती बघायची नाहीत का?" काका जरा सावध होऊन विचारतात.

"सुंठ सुंठ म्हणून विकताय तोवर ती किराणा. कुटून, मिसळून, 'सकाळ-संध्याकाळ एक घ्या, गुडघा बरा होईल' म्हणालात की ते औषध झालं."

कायद्याचा सांधा नेमका इथेच आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा. त्यात आयुर्वेदिक आणि युनानी औषधांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं ते 1964 च्या दुरुस्तीने. या कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत चक्क ग्रंथांची यादी आहे: चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली आणि असे कितीतरी. या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे बनवलेलं किंवा त्यांतलीच द्रव्यं वापरून नव्याने जुळवलेलं, ते आयुर्वेदिक औषध. ते बनवणाऱ्या कारखान्याला परवाना लागतो, जागा आणि स्वच्छतेचे नियम पाळावे लागतात, मालाची नोंद ठेवावी लागते. दुकानदाराला मात्र ॲलोपॅथीच्या मेडिकलवाल्यासारखा विक्रीचा परवाना लागत नाही, फार्मासिस्ट नेमावा लागत नाही. काका म्हणतात ते त्यामुळे अर्धं खरं आहे.

राहिलेल्या अर्ध्यासाठी बाई बिल मागतायत.

काका ड्रॉवर उपसतात. लाइटबिल, भिशीची वही, लग्नपत्रिका, आणि तळाशी एक गुलाबी चिठ्ठी. कच्चं बिल. वर लिहिलंय "चूर्ण 500 नग", खाली रक्कम, त्याखाली एक मोबाइल नंबर. विकणाऱ्याचं नाव नाही, शिक्का नाही, बॅच नंबर नाही.

"हा कोण?"

"मोटरसायकलवर येतो मॅडम, पंधरा दिवसांनी. सगळे त्याला महाराज म्हणतात. वैद्य आहे म्हणे."

"वैद्याने आपल्या पेशंटसाठी औषध बनवलं तर कायदा त्याच्या आड येत नाही. पण तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांची नाडी त्याने बघितलीय?"

काका गप्प बसतात. बाई लिहीत राहतात. माल कुणाकडून घेतला हे निरीक्षकाने विचारलं की सांगणं दुकानदारावर बंधनकारक आहे. त्या शांतपणे तेवढं ऐकवतात आणि मोबाइल नंबर पंचनाम्यात उतरवून घेतात.

तेवढ्यात डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी अशी एक आजी पायरी चढते. "बाळा, माझ्या पुड्या दे. गेल्या बाजारला घ्यायच्या राहिल्या, आठ दिस उठवंना."

काका बाईंकडे बघतात. वैद्यच पुढे होतात. "आजी, या पुडीने किती दिवसांत बरं वाटतं?"

"दिस कशाला? सकाळी घेतली की दुपारी रानात. भूकबी चांगली लागती. त्वांड बी भरलंय बघा."

वैद्य तिच्या चेहऱ्याकडे बघतात, मग बाईंकडे. "आमचं कुठलंही वातनाशक चूर्ण दुपारपर्यंत रानात पाठवत नाही," ते हळूच म्हणतात. सांधेदुखीच्या अशा निनावी चूर्णांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं मिसळलेली सापडल्याची उदाहरणं देशात आणि परदेशात नोंदलेली आहेत. स्टेरॉइडने सूज झटक्यात उतरते, भूक वाढते, तोंड गोल होतं. आतून साखर आणि रक्तदाब चढतात, हाडं ठिसूळ होतात. महिनोन् महिने घेतलेलं असं औषध एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. या पुडीत काय आहे ते आज इथे कुणालाच ठरवता येणार नाही. म्हणून वैद्य फक्त एवढंच सांगतात: "आजी, घरात पुडी शिल्लक असली तर ती घेऊन आजच सरकारी दवाखान्यात जा. काय काय घेताय ते सगळं डॉक्टरांना सांगा. साखर, बीपी बघून घ्या. आपल्या मनाने काही करू नका."

"आणि गुडघा?"

"तोही दाखवा."

आजी पुटपुटत उतरते. तिला पुडी हवी होती, सल्ला मिळाला. ती खूश नाही.

आता नमुना. बरणी पालथी करून पुड्या मोजल्या जातात. बाई नमुन्यापुरत्या पुड्या बाजूला काढून त्यांची किंमत काकांपुढे ठेवतात. "हे कशाला मॅडम?" "सरकार फुकट नेत नाही. पैसे घ्या, पावती द्या." काकांना आयुष्यात प्रथमच या मालाची पक्की पावती लिहावी लागते. नमुन्याचे चार भाग होतात. प्रत्येक भाग पाकिटात, पाकिटावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि सह्या, भोवती सुतळीची फुली. शिपाई लाख पेटवतो. काळपट लाल थेंब गाठीवर पडतो, बाई पितळी शिक्का त्यावर दाबून धरतात, फुंकर घालतात, उचलतात. "काका, तुमचाही शिक्का असेल तर मारा, तो तुमचा हक्क आहे." काकांकडे दुकानाचा रबरी शिक्का आहे, तो ते चारही पाकिटांवर जपून उठवतात. एक भाग काकांकडे राहील, एक शासकीय विश्लेषकाकडे जाईल, एक न्यायालयासाठी, आणि चौथा माल पुरवणाऱ्यासाठी, तो सापडला तर. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल, तर तो हाती पडल्यापासून 28 दिवसांत तसं कळवायचं, हेही बाई समजावून सांगतात. उरलेल्या पुड्या जप्त. त्याची पावती काकांच्या हातात.

काउंटर मोकळं झाल्यावर कपाटाकडे मोर्चा वळतो. नावाजलेली आसवं-अरिष्टं त्या भराभर बघून पुढे सरकवतात: परवाना क्रमांक आहे, बॅच आहे, घटकांची यादी आहे, मुदत संपलेली नाही. "शक्तिवर्धक" कॅप्सूलच्या डब्यावर हात थांबतो. पत्त्याच्या जागी नुसतंच "हरिद्वार". गल्ली नाही, प्लॉट नाही. परवाना क्रमांक छापलाय, पण तो खरा आहे का ते उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्याला विचारावं लागेल. तोवर हा माल विकायचा नाही, असा लेखी आदेश त्या देतात. असा आदेश जास्तीत जास्त 20 दिवसांचा असतो. उत्तर तेवढ्यात यायला हवं.

कपाटाच्या दारावर पोस्टर: "मधुमेह मुळापासून घालवा. मुतखडा विरघळवा." बाई मोबाइलवर फोटो घेतात. मधुमेह आणि मुतखडा हे दोन्ही शब्द औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या यादीत आहेत. त्या यादीतला आजार बरा करण्याची जाहिरात 1954 च्या या कायद्याने गुन्हा आहे. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात देण्याआधी उत्पादकाने राज्याची परवानगी घ्यावी, असा नियम क्रमांक 170 हा 2018 मध्ये आला. 1 जुलै 2024 रोजी केंद्राने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ज्या याचिकेत ही स्थगिती मिळाली होती तीच 2025 च्या ऑगस्टमध्ये निकाली निघाली. 1954 चा कायदा मात्र आहे तिथेच आहे. काका स्वतःच पोस्टर सोलायला लागतात. बाई थांबवतात. "राहू द्या. पंचनाम्यात आधी येऊ दे."

शेवटची वस्तू अश्वगंधा आणि मेथीची गोळी, चकचकीत डब्यात. पुढे पानाफुलांचं चित्र. मागे चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक आणि बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं: औषधी वापरासाठी नाही. दुकानदाराने वर आपल्या हाताने लेबल चिकटवलंय: "शुगरसाठी."

"हे तर अन्न आहे काका. अन्न म्हणून परवाना घेतलाय आणि तुम्ही औषध म्हणून विकताय."

"कंपनीचा माणूसच म्हणाला मॅडम, शुगरवाल्याला द्या."

"छापून नाही म्हणाला. तोंडी म्हणाला."

हा डबा बाईंच्या कक्षेत येत नाही. त्याची नोंद करून त्या ती आपल्याच खात्यातल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे पाठवणार आहेत.

दुपार कलते. पंचनामा वाचून दाखवला जातो, सह्या होतात. काका पाण्याचे ग्लास पुढे करतात आणि मनातलं बोलतात. "मॅडम, मी पुड्या ठेवल्या नाहीत तर पुढचा ठेवणार. लोक मागतात."

"मागतात हे खरं," बाई म्हणतात. "पुढच्याकडेही जाणार आहे."

त्या खरंच जातात. पण बाजार मोठा आहे, मोटरसायकलवाल्याला गाव बदलायला अर्धा तास पुरतो, आणि मघापासून तो मोबाइल नंबर बंद लागतोय. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधावर आपल्याकडचा पहारा कारखान्याच्या दारात आहे. तिथून पुढे रुग्णाच्या हातापर्यंतची साखळी कागदाने जोडलेली असते, आणि कच्च्या बिलावर ती तुटते. दुकानदाराकडे पक्कं बिल नाही आणि गिऱ्हाइकाकडेही नाही, मग निरीक्षकाने माग काढायचा कशावरून?

तेव्हा एवढं करा. नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत ज्यावर नाही ते औषध घरात आणू नका, मग ते कितीही "निव्वळ जडीबुटी" असो. अन्न परवान्याची वस्तू कुणी आजारावर देत असेल तर मागची बारीक अक्षरं त्यालाच वाचायला लावा. दोन दिवसांत जुनाट दुखणं पळवणारी पुडी मिळाली तर आनंदाआधी शंका घ्या. आणि दहा रुपयांचं चूर्ण घेतलंत तरी पक्कं बिल मागा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तर घालू द्या.