बॅकअप घेतला, पण तो परत आणता येतो का?



मंडळाची सभासद-यादी, वर्गणीचा हिशेब आणि जुन्या गणेशोत्सवांचे फोटो आता संगणकावर आहेत. बॅकअप आहे ना, असे विचारले की कुणीतरी कपाटातल्या पेन ड्राइव्हकडे बोट दाखवते. तो शेवटचा उघडून कधी पाहिला, हे विचारले की शांतता पसरते. सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यावसायिकांचीही खरी परीक्षा याच प्रश्नात होते.

गिटलॅब ही प्रोग्रॅमर लोकांचे काम साठवून ठेवणारी नामांकित कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथे मुख्य डेटाबेस आणि त्याची जुळी प्रत यांचा मेळ तुटला होता. अभियंत्याला जुळ्या सर्व्हरवरची माहिती पुसून प्रत नव्याने घ्यायची होती. पुसण्याची आज्ञा दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याने ती थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून तो दररोज अपयशी होत होता. तसे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. साठवणीची जागा रिकामी. डिस्कची प्रत आपोआप घेण्याची सोय या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. वाचवले ते एका योगायोगाने: साधारण ६ तास आधी चाचणीच्या कामासाठी हाताने एक प्रत काढली गेली होती. तिच्यावरून सारे पुन्हा उभे केले, मधल्या तासांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने हे सगळे उघडपणे लिहून प्रसिद्ध केले, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

यातली जुळी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. ती मुख्य प्रतीचे अनुकरण करते, त्यामुळे इकडचे पुसले की तिकडचेही जाते. मोबाइलचे फोटो गूगलशी जोडलेले असतात, तिथेही हाच धोका.

म्हणून जाणकार ३-२-१ नियम पाळतात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. माहितीच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि १ प्रत दुसऱ्या जागी. बँकेत आम्हाला हे नवे नव्हते. शाखा संगणकावर आल्या तेव्हा दिवसअखेर टेप निघे आणि एक प्रत दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत जाई.

प्रती काढण्यासाठी लिनक्सवर 'आरसिंक' नावाचे मोफत साधन आहे. ते फक्त बदललेला भाग पाठवते, म्हणून रोज चालवले तरी वेळ लागत नाही. त्यात 'ड्राय रन' हा पर्याय आहे: काय कॉपी होईल, काय पुसले जाईल, ते प्रत्यक्ष काही न करता आधी दाखवतो. आम्हाला तो पेन्सिलीने मांडलेल्या कच्च्या ताळ्यासारखा वाटतो. पुसण्याचा पर्याय जोडला असेल, तर ड्राय रन पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

उरते ती परत आणण्याची चाचणी. तिमाहीतून एकदा बॅकअप दुसऱ्याच संगणकावर उतरवावा. शेवटच्या पावतीचा क्रमांक आणि वर्गणीची एकूण बेरीज पावती-पुस्तकाशी ताडून पाहावी, चार-दोन जुने फोटो उघडावेत. उतरवायला किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. गिटलॅबला डिस्क संथ असल्यामुळे सुमारे १८ तास लागले. काम एकाने करावे आणि सही दुसऱ्याने, रोकड मोजताना करतात तशी. आणि तो पेन ड्राइव्ह संगणकाच्या शेजारच्या कपाटातून काढून चिटणीसांच्या घरी ठेवावा.