तीन शहरे, तीन अडचणी

उल्हासनगर : दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जेमतेम १३ चौरस किलोमीटरांत २०११ साली पाच लाखांहून अधिक लोकसंख्या होती. बराकींच्या जागी उभ्या राहिलेल्या विनापरवाना इमारती नियमित करण्यासाठी राज्याने २००६ मध्ये खास कायदा केला. मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी दगावले.

अशा इमारतींचा पुनर्विकास अवघड आहे. जुन्या इमारतीने मंजुरीपेक्षा जास्त चटई क्षेत्र वापरले असेल, तर सगळ्या रहिवाशांना घरे देऊन विकासकाकडे विकण्याजोगे फ्लॅट उरत नाहीत. भूखंड छोटे, गल्ल्या अरुंद. शेजारच्या इमारती एकत्र घेणारा समूह विकास म्हणूनच गरजेचा ठरतो.

अंबरनाथ : अकराव्या शतकातले शिवमंदिर संरक्षित स्मारक आहे. त्याच्याभोवती १०० मीटरांत नवे बांधकाम होत नाही. पुढच्या २०० मीटरांत आधी परवानगी लागते.

बदलापूर : २००१ मध्ये लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले. इथे घरांचे नियोजन पूररेषा पाहूनच करावे लागते.