चिनी वैद्यकातले यकृत आणि विद्यार्थ्यांचे नैराश्य

पारंपरिक चिनी वैद्यक नैराश्याला यकृताचा आजार मानते, असे सर्रास सांगितले जाते. ते ऐकून कोणी हसतो, तर कोणी यकृतशुद्धीचे काढे विकायला बसतो. चूक दोघांचीही एकच. त्या परंपरेतले यकृत म्हणजे रक्ततपासणीत एसजीपीटी वाढला की ज्याची काळजी वाटते तो अवयव नव्हे. ‘ची’ या प्राणशक्तीचा प्रवाह मोकळा ठेवणाऱ्या कार्यांना तिथे यकृत म्हणतात. राग गिळला, इच्छा दाबली की हा प्रवाह तुंबतो, अशी कल्पना. चौदाव्या शतकातले वैद्य झू दान्शी यांनी अशा तुंबण्याचे सहा प्रकार मांडले. अतिविचाराने प्लीहा दुबळी होते, म्हणजे भूक मरते आणि थकवा येतो, हेही याच चौकटीतले. परीक्षेच्या धास्तीने जेवण सुटलेला, झोप उडालेला विद्यार्थी या वर्णनात सहज बसतो. पण म्हणून ‘त्यांना नैराश्य हजारो वर्षांपूर्वीच कळले होते’ असे म्हणता येत नाही. अशा तुंबण्याच्या ‘यू-झेंग’ या जुन्या निदानात आज चिंताविकार म्हणून ओळखली जाणारी लक्षणेही येतात आणि घशात काही अडकल्याची भावनाही.

मग या चौकटीचा उपयोग काय? मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या चांग्शा शहरात मज्जादौर्बल्याचे (न्यूरास्थेनियाचे) निदान झालेले 100 रुग्ण तपासले. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 87 जण नैराश्याच्या निकषांत बसले. हे लोक डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर अशा तक्रारी घेऊन आले होते. यावरून चिनी माणसाला दुःखाची जाणीवच नसते असा निष्कर्ष काढणारेही निघाले, आणि तो उथळ होता. मनोरुग्ण म्हणवून घेण्यात धोका असतो तिथे माणूस शरीराच्या भाषेत बोलतो, एवढाच त्याचा अर्थ. मनोविकारतज्ज्ञाकडे जायला लाजणारा महाविद्यालयीन तरुण नाडी दाखवायला संकोचत नाही. चिनी वैद्यकाचे खरे मोल मला इथे दिसते. मर्यादाही इथेच आहे: समोरच्या वैद्याने आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलेच नाही, तर मुलगा काढ्याची पुडी घेऊन वसतिगृहात परततो. चीनच्या आरोग्य आयोगाने सप्टेंबर 2020 मध्ये उच्च माध्यमिक आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीत नैराश्याच्या चाचणीचा समावेश करायला सांगितले, ते योग्यच झाले.

यावर आक्षेप येतो की शतकानुशतके टिकलेले औषध निरुपयोगी कसे असेल? युरोपात रक्त काढण्याचा उपचारही शतकानुशतके टिकला होता. शिवाय नैराश्याचा झटका बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप ओसरतो, त्यामुळे तुलनेच्या गटाशिवाय श्रेय कोणाचे हे ठरत नाही. अॅक्युपंक्चरवरच्या 2018 च्या कोक्रेन आढाव्यात 64 अभ्यास आणि 7104 जण होते. थोडा फायदा दिसला, पण पुराव्याचा दर्जा कमी ते अत्यंत कमी ठरला. सुंग राजवटीच्या काळापासून चालत आलेल्या ‘श्याओयाव’ चूर्णावरच्या चाचण्या बहुतांशी चीनमधल्या आणि सदोष आखणीच्या आहेत. आधुनिक गोळ्याही सगळ्यांना लागू पडत नाहीत हे खरेच, पण त्यांचा गुण आणि अपाय निदान मोजलेला असतो.

सर्वांत घातक समजूत मात्र ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ ही. चीनमध्ये 2008 साली मान्यता मिळालेल्या ‘शूगान ज्येयू’ कॅप्सूलमध्ये हायपेरिकम ही वनस्पती असते. ती नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिनचे प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही तिने कमी होतो. म्हणून काढा किंवा कॅप्सूल चालू असेल, तर त्याचे नाव डॉक्टरांना सांगा, आणि चालू असलेली गोळी मनानेच बंद करू नका.